रुग्णाने कोठे जावे, हे रुग्णाने ठरवावे काय?

सार्वजनिक रुग्णालयांतील गर्दीविषयी आपल्याकडील सुशिक्षित वर्गात एक मत हल्ली इतके रूढ झाले आहे की, ते मत आहे, सिद्ध झालेली वस्तुस्थिती नव्हे, याचाही बोलणारास विसर पडावा. ते मत असे : साध्या पडशा-खोकल्यासाठी लोक थेट केईएम किंवा ससून गाठतात, कोणत्या दुखण्याला कोणता डॉक्टर हे त्यांना कळत नाही, आणि मोबाइलवर घरबसल्या नंबर लावण्याची सोय झालेली असताना जे पहाटेपासून केसपेपरच्या खिडकीपाशी ताटकळत उभे राहतात ते आपल्याच अडाणीपणाची शिक्षा भोगत असतात, सबब उपाय दोनच, लोकांना योग्य निवड करावयास शिकवावे आणि वेळेची आगाऊ नोंदणी सर्वत्र सक्तीची करावी. या मताच्या पोटात दोन गृहीतके दडलेली आहेत. योग्य आरोग्यसेवेची निवड करणे हे रुग्णाचे काम आहे, हे पहिले. आणि नोंदणीची व्यवस्था सुधारली की सेवेची व्यवस्था आपोआप सुधारते, हे दुसरे. ही दोन्ही गृहीतके मला अमान्य आहेत, आणि पहिले तर केवळ चुकीचेच नव्हे, अन्यायाचेही आहे असे माझे म्हणणे आहे.

पंचावन्न वर्षांच्या एखाद्या गृहस्थास रात्रीच्या जेवणानंतर छातीच्या खाली, बेंबीच्या वर जळजळू लागते, थोडा घाम सुटतो, एकदा मळमळून येते. त्याने कोणाकडे जावे? घरातील माणसे म्हणतील पित्त; शेजारी म्हणेल गॅसेस, सोडा घ्या; आणि मोबाइलवरील यादीत ‘पोट’ या सदराखाली पोटविकारतज्ज्ञाचे नाव व परवा सायंकाळी साडेसहाची वेळ निघेल. परंतु हृदयाच्या खालच्या बाजूच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटला असता ती वेदना पुष्कळदा नेमकी याच जागी आणि याच वेषात प्रकट होते, मधुमेह्यास तर ती कित्येकदा जाणवतही नाही, आणि अशा प्रसंगी परवाची साडेसहाची वेळ म्हणजे नुसता विलंब नसून घात होय. किंवा मानेवर उठलेली एक गाठ घ्या. ती क्षयाची असेल, थायरॉइडची असेल, तंबाखू खाणाऱ्याच्या तोंडातला कर्करोग मानेत उतरला असेल, अथवा किडलेल्या दाढेपायी नुसती सूज आली असेल. म्हणजे एका गाठीपुढे क्षयरोग विभाग, शल्यचिकित्सा, कान-नाक-घसा, कर्करोग रुग्णालय आणि दंतवैद्य अशी पाच दारे उभी राहतात, आणि या पाचांतून एक नेमके दार उघडणे याचेच नाव निदान. चक्कर येणाऱ्या बाईची हीच कथा. कानात दोष असेल, रक्त कमी असेल, रक्तदाबाची गोळी जास्त झाली असेल, मेंदूत काही असेल. तिने आपली चक्कर कोणत्या खात्यात जमा करावी, हे तिला कोणी सांगावयाचे? जे ज्ञान मिळविण्यासाठी मनुष्य डॉक्टरची पायरी चढतो, ते ज्ञान पायरी चढण्यापूर्वीच त्याच्यापाशी असले पाहिजे, अशी ही अजब अपेक्षा आहे. आणि ती पूर्ण झाली नाही की त्यालाच अडाणी म्हणावयाचे, हा वर दंड.

हे म्हणणे माझे एकट्याचे नाही आणि नवेही नाही. केनेथ ॲरो या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९६३ साली लिहिलेल्या आणि पुढे आरोग्याच्या अर्थशास्त्राचा पाया मानल्या गेलेल्या निबंधात असे दाखवून दिले की, वैद्यकीय सेवेच्या बाजारात देणाऱ्यास जे ठाऊक असते ते घेणाऱ्यास ठाऊक नसते, आजार केव्हा येईल आणि उपचाराने काय होईल याविषयी तर दोघेही अनिश्चिततेत असतात, आणि म्हणून साध्या मालाच्या बाजाराचे नियम येथे जसेच्या तसे लावता येत नाहीत. ॲरो हे बाजाराचे वैरी नव्हते. बाजाराच्या समतोलाचे गणित मांडणाऱ्यांत ते अग्रगण्य होते आणि १९७२ साली त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. तेव्हा या मुद्द्याला ‘समाजवादी हळवेपणा’ म्हणून बाजूस सारण्याची पळवाट प्रतिपक्षास उपलब्ध नाही.

यावर असे उत्तर येते की, कायद्यानेच रुग्णास ग्राहक ठरविले आहे. मग ग्राहकाने चार दुकाने पाहावीत, भाव विचारावा, इतरांनी दिलेले तारे मोजावेत आणि पसंतीचा डॉक्टर घ्यावा, यात वावगे ते काय? सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर १९९५ मध्ये व्ही. पी. शांता यांच्या प्रकरणात पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली, हे खरेच आहे. परंतु त्या निर्णयाने रुग्णास निष्काळजीपणाविरुद्ध दाद मागण्याचा हक्क दिला. त्याला वैद्यकातील तज्ज्ञ करून टाकले नाही. किंबहुना दाद मागण्याचा हक्क ज्याला द्यावा लागतो तो दुबळा पक्ष असतो, हे कायद्याने तेथे मान्यच केलेले आहे. ज्या निर्णयाने रुग्णाचे दौर्बल्य ओळखले त्याच्याच आधारे त्याला सर्वज्ञ ठरवून सारी जबाबदारी त्याच्या माथी मारणे, ही वकिली चातुर्याची करामत असेल, न्यायबुद्धीची नव्हे.

आणि ते तारे तरी कशाचे? रुग्णाला जे दिसते त्यालाच तो तारे देऊ शकतो : बसायला खुर्ची होती काय, डॉक्टर हसून बोलले काय, किती वेळ थांबावे लागले, गाडी लावायला जागा मिळाली काय. विषाणूजन्य तापात प्रतिजैविकाची गरज नाही, तीन दिवस धीर धरा, असे सांगून ज्या डॉक्टराने रिकाम्या हाताने परत पाठविले, त्याने औषधशास्त्राला धरून वर्तन केले; पण सुई टोचून आणि सलाईन लावून ज्याने ‘लगेच तरतरी’ आणली, तारे त्याच्या पदरात पडण्याचा संभव अधिक. शिवाय भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या आचारनियमांनी डॉक्टरला गिऱ्हाइके ओढण्यासाठी जाहिरात करण्याची मनाई केली आहे; तथापि ज्या यादीत रुग्ण त्याचे नाव शोधतो त्या यादीत वरची जागा पैसे मोजून मिळू शकते, आणि त्या नावापाशी बारीक अक्षरांत लिहिलेला ‘प्रायोजित’ हा शब्द तापाने फणफणलेल्या मुलाच्या बापाने वाचावा अशी आपण अपेक्षा करतो. स्वेच्छेने केलेली निवड ती हीच काय?

आता दुसरे गृहीतक. केंद्र सरकारने २०१५ साली सरकारी रुग्णालयांसाठी संगणकीय नोंदणीची व्यवस्था सुरू केली आणि २०२२ पासून डिजिटल मिशनखाली अनेक रुग्णालयांच्या दारात क्यूआर कोडचे फलक लागले, की जो मोबाइलने टिपला असता रुग्णाचे नाव, गाव, वय परस्पर दप्तरात जाऊन त्याच्या हाती टोकन येते. ही सोय खोटी नाही. काचेच्या भोकातून कारकुनास वडिलांचे नाव तीनदा ओरडून सांगण्याचा त्रास तिने वाचतो, आणि ज्याने तो त्रास सोसला आहे तो तिला नावे ठेवणार नाही. पण हे टोकन असते केसपेपरच्या खिडकीचे. तेथून पुढे डॉक्टरच्या खोलीबाहेरचा बाक तसाच आहे, खोलीतून बाहेर आल्यावर रक्त-लघवीच्या तपासणीची रांग तशीच आहे, एक्स-रेची तशीच, रिपोर्ट ‘उद्या’ मिळणार असल्यामुळे उद्याची फेरी तशीच, आणि सरतेशेवटी औषधांच्या खिडकीपाशी पाच औषधांपैकी तीन ‘बाहेरून घ्या’ हेही तसेच. पाच रांगांपैकी पहिली लहान केली आणि तिचेच छायाचित्र प्रसिद्ध केले म्हणजे गर्दी हटली असे होत नाही. चार तासांत एका डॉक्टरने शंभर रुग्ण तपासावयाचे असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला अडीच मिनिटेही येत नाहीत. ती शंभर नावे आदल्या रात्री नोंदविली काय आणि सकाळी खिडकीवर नोंदविली काय, भागाकार बदलत नाही.

सक्तीचे तर बोलूच नये. घरात एक मोबाइल, तो मुलाच्या खिशात, मुलगा कामावर, आणि म्हातारीच्या नावाने आलेला सहा आकडी संकेतांक त्याच मोबाइलवर. अशा घरास आगाऊ नोंदणीशिवाय दरवाजा बंद केलात तर ती म्हातारी गर्दीतून वजा होईल हे निश्चित, परंतु ती बरी होऊन वजा झालेली नसेल. दाखले काढून देणारा जो मध्यस्थ तालुक्याच्या कचेरीबाहेर टेबल मांडून बसतो, त्याच्या फलकावर ‘डॉक्टरचा नंबर लावून मिळेल’ ही आणखी एक ओळ वाढेल, एवढीच या सुधारणेची निष्पत्ती.

मग साध्या दुखण्यासाठी लोक मोठ्या रुग्णालयात जातात, हे खोटे काय? खोटे नाही. पण ते का जातात, हे विचारण्याची तसदी आरोप करणाऱ्याने घेतलेली नसते. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बाह्यरुग्ण विभागाची वेळ राष्ट्रीय मानकांनुसार सकाळी चार तास आणि दुपारनंतर दोन तास अशी आहे. म्हणजे ऊस तोडणारा, सेंटरिंगच्या कामावर जाणारा, दुसऱ्याच्या शेतात निंदणी करणारी बाई, ही सारी माणसे ज्या वेळी कामावर असतात नेमक्या त्या वेळी. ज्याला मजुरी बुडविल्याखेरीज दवाखाना पाहताच येत नाही, तो असा हिशेब करतो की, बुडवावयाचाच असेल तर एक दिवस जेथे तपासणी, एक्स-रे, सोनोग्राफी, मोठा डॉक्टर आणि औषध हे सारे एकाच आवारात मिळण्याचा संभव आहे तेथे बुडवावा. गावच्या केंद्रात एक दिवस घालवून ‘जिल्ह्याला जा’ अशी चिठ्ठी घेण्यात आणि मग जिल्ह्यास दुसरा दिवस घालविण्यात कोणता शहाणपणा आहे? ही निवडच आहे, आणि ती पूर्ण विचारांती केलेली आहे. ज्यांना ती अडाणीपणाची वाटते त्यांनी आपल्या पगारी रजेचा विचार क्षणभर बाजूस ठेवून तो हिशेब पुन्हा मांडून पाहावा.

देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार करण्यासाठी सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९४६ साली आपला अहवाल सादर केला, त्या वेळी हा प्रश्न तिच्या डोळ्यांपुढे स्पष्ट होता. खर्च परवडत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारास मुकू नये हे तत्त्व मानून तिने दूरच्या पल्ल्याची जी योजना आखली तीत दहा ते वीस हजार वस्तीस पंचाहत्तर खाटांचे प्राथमिक केंद्र कल्पिले होते. तूर्तातूर्त करावयाची सोय म्हणून चाळीस हजारांस एक केंद्र तिने सुचविले. आज पाऊणशे वर्षांनी सपाट प्रदेशात तीस हजारांस एक केंद्र हे आपले प्रमाण आहे, शहरांत तर पन्नास हजारांस एक, आणि पंचाहत्तर खाटांची गोष्ट कोणी काढीतही नाही. म्हणजे त्या समितीने केवळ निभाव लागावा म्हणून सुचविलेल्या पायरीच्या आसपासच आपण वस्ती केली आहे. ज्या ठिकाणी रुग्णाने प्रथम जावे असे आपण त्याला बजावतो, ते ठिकाण बांधण्याचे काम अर्धवट टाकून आपण वरच्या मजल्यावर तज्ज्ञ बसविले. आणि आता लोक थेट वरच्या मजल्यावर का येतात म्हणून रागावतो.

त्यातही एक गोष्ट अशी आहे की, जी रुग्णास कोणी समजावून सांगत नाही. महाराष्ट्रात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेकडे; ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाकडे; ससून, जेजे यांसारखी महाविद्यालयांना जोडलेली रुग्णालये वैद्यकीय शिक्षण खात्याकडे; आणि केईएम, नायर, शीव ही मुंबई महापालिकेकडे. खाते बदलले की कागद बदलतो, शुल्क बदलते, नियम बदलतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाने आपल्या रुग्णालयांतील उपचार निःशुल्क केले, ही स्वागतार्ह गोष्ट झाली. परंतु तो हुकूम इतर खात्यांच्या रुग्णालयांना लागू नव्हता, आणि सरकारी रुग्णालय म्हणजे सरकारी रुग्णालय अशी साधी समजूत बाळगणाऱ्या मनुष्यास खिडकीपाशी पैसे मागितले गेले तेव्हा त्याला आपली फसवणूक झाली असेच वाटणार.

यावरून या साऱ्या वादातील विपर्यास ध्यानात येईल. वैद्यकीय निर्णय, जो रुग्णास घेता येणे शक्य नाही, तो आपण त्याच्याकडून मागतो. आणि प्रशासकीय माहिती, जी त्याला सहज देता येण्याजोगी आहे, ती मात्र त्याच्यापासून दडवून ठेवतो. कोणत्या विभागाची ओपीडी कोणत्या वारी असते, हे मंगळवारी चुकून आलेल्यास ‘गुरुवारी या’ असे सांगून परतवताना कळते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातील धर्मादाय न्यासांच्या रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांस मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांस सवलतीच्या दराने द्यावयाच्या आहेत. पण संगमरवरी फरशीचे आणि दारात गणवेशधारी पहारेकरी उभे असलेले ते रुग्णालय कायद्याच्या दप्तरात धर्मादाय आहे, ही गोष्ट त्या फरशीवर पाऊल टाकण्यास कचरणाऱ्या माणसाला कोण सांगणार? शुश्रूषागृहांनी आपले दर आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागी लावावी, असा नियम राज्याने २०२१ मध्ये केला. तो फलक प्रत्यक्षात पाहावयाचा असेल तर पुष्कळदा कुंडीतील झाड बाजूस सारावे लागते. लोकांना निवड करावयास शिकवा म्हणणारे या फलकांविषयी अवाक्षर काढीत नाहीत, हा योगायोग खचित नव्हे.

मग दिशा ठरविणारा रुग्णाजवळचा पहिला डॉक्टरच हवा, हे ओघानेच आले. या म्हणण्यावर एक आक्षेप मात्र वजनदार आहे आणि त्याचा परामर्श घेतलाच पाहिजे. पहिल्या डॉक्टरने पाठविल्याखेरीज तज्ज्ञाकडे जाऊ नये अशी पद्धत घातली तर ती चिठ्ठी विकली जाणार नाही काय? आपल्याकडे चिठ्ठीमागे ‘कट’ चालतो हे उघड गुपित आहे; आचारनियमांत तो निषिद्ध असूनही चालतो; २०१७ साली राज्य सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा करण्यासाठी समिती नेमली, मसुदा तयार झाला, आणि तो मसुदाच राहिला. आक्षेप खरा, पण त्यातून निघणारा निष्कर्ष खोटा. चिठ्ठी विकली जाते ती चिठ्ठी लिहिणाऱ्याचे पोट चिठ्ठीवर अवलंबून असते म्हणून. ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हापासून नागरिकाचे नाव एका जनरल प्रॅक्टिशनरच्या पटावर असते, पटावरील माणसांच्या संख्येप्रमाणे त्याला प्रामुख्याने मेहनताना मिळतो, आणि तातडीचा प्रसंग वगळता तज्ज्ञाकडील मार्ग साधारणतः त्याच्या पत्रातून जातो. रुग्णास कोणाकडे पाठविले यावर त्याची कमाई ठरत नाही. तेथेही हल्ली सकाळी आठ वाजता फोन लावून नंबर न मिळण्याची तक्रार घरोघर आहे, हे मी विसरलो नाही. परंतु ती तक्रार पहिल्या डॉक्टरांचा तुटवडा सांगते, पहिला डॉक्टर अनावश्यक आहे असे सांगत नाही.

तसेच, गिरगाव-दादरच्या किंवा सदाशिव पेठेच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांची, त्यांच्या कंपाउंडरची आणि खाचा पाडलेली कागदी पट्टी चिकटवलेल्या मिक्श्चरच्या बाटलीची आठवण काढून उसासे टाकावेत, असेही माझे म्हणणे नाही. तो डॉक्टर पेठेत होता. मेळघाटात आणि अक्कलकुव्यात तो कधीच नव्हता. त्यामुळे जे हरवले ते परत आणा, ही घोषणा बहुसंख्य महाराष्ट्राच्या दृष्टीने निरर्थक आहे. जे कधी दिलेच नाही ते द्या, असे म्हणावयास हवे.

आगाऊ वेळ घेण्याची पद्धत कोठे उपयुक्त आहे, हेही सांगून टाकतो, म्हणजे मी यंत्राचा द्वेष्टा ठरणार नाही. ज्याचे निदान झाले आहे, ज्याला कोणाकडे जावयाचे ते ठाऊक आहे, असा दर महिन्यास येणारा मधुमेही, गरोदर बाईची ठरलेली तपासणी, बाळाची लस, टाके काढावयास येणारा रुग्ण, या साऱ्यांना तासाची वेळ बांधून देणे हे मोठेच उपकाराचे काम आहे, आणि त्यात कुचराई करणाऱ्या रुग्णालयांस दोष द्यावाच. तीन ठिकाणी नंबर लावून दोन ठिकाणी न कळविता गैरहजर राहणाऱ्या खासगी रुग्णांनीही डॉक्टरांच्या उशिराबद्दल फार मोठ्याने बोलू नये. परंतु ज्याचे निदान व्हावयाचे आहे त्याच्या बाबतीत वेळेपूर्वी दिशा ठरली पाहिजे, आणि ती ठरविणारा मनुष्य पगारावर नेमलेला, सायंकाळीही भेटणारा आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर बसलेला असला पाहिजे.

एवढा पैसा आणावयाचा कोठून, हा शेवटचा प्रश्न. पैसा खर्च होतच आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्यातील सर्व कुटुंबांस लागू झाली, संरक्षणाची मर्यादा पाच लाख रुपयांवर गेली, आणि तीत त्या वेळी १,३५६ उपचारांची यादी होती. ही यादी प्रामुख्याने रुग्णालयात दाखल झाल्यानंतरच्या शस्त्रक्रिया व उपचारांची आहे. छातीतील जळजळ पित्ताची की हृदयाची, हे पहिल्या अर्ध्या तासात सांगणाऱ्या डॉक्टरची भेट त्या यादीत बसत नाही. ते सांगणारा कोणी न भेटल्यामुळे पुढे जी अँजिओप्लास्टी करावी लागते, ती बसते. गुडघ्याला व्यायाम पुरे की सांधा बदलावयाचा, हा सल्ला रुग्णाने आपल्या खिशातून विकत घ्यावयाचा, आणि बहुधा अशा माणसाकडून की ज्याचा सांधा बदलण्यातच लाभ आहे. सरकारी तिजोरी रुग्णासाठी शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी उघडते, तर तिचा एक लहानसा कप्पा तपासणीच्या टेबलापाशीही उघडावा, ही मागणी काही खजिना बुडविणारी नव्हे. तोपर्यंत, मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवरून ज्या कोणास ‘तुम्ही चुकीच्या ठिकाणी आलात’ असे सांगितले जाईल, त्याच्या केसपेपरवर बरोबर ठिकाणाचे नाव, तेथवरची वाट आणि ते ठिकाण आज किती वाजेपर्यंत उघडे आहे, एवढे तीन तपशील त्याच कारकुनाने लिहून द्यावेत. आणि ते लिहिता येत नसतील, तर त्या माणसास आत सोडावे.